पामीरची सडक

सातव्या शतकात भारतात येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाने महाराष्ट्राविषयी जे लिहून ठेवले ते आपणा मराठी मंडळींना जवळजवळ पाठ असते. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहिले, आणि पुलकेशीच्या पराक्रमाचीही नोंद केली. पाठ्यपुस्तकांनी हा मजकूर इतका वापरला की, एवढे प्रशस्तिपत्र देऊन हा भिक्षू पुढे कोठे गेला, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो घरी परतला तो पामीरच्या पठारावरून, आणि इ.स. ६४५ मध्ये चांगआनला पोहोचला. 'पो-मि-लो' या नावाने त्याने या पठाराचे वर्णन केले आहे. दोन हिमाच्छादित रांगांमधील लांबट दरी, भर उन्हाळ्यातही वारा आणि बर्फ, पीक जवळजवळ नाही, झाडे विरळ, आणि मध्यभागी एक मोठे सरोवर. हे सरोवर म्हणजे आजचे झोरकुल, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

तो प्रदेश आज ताजिकिस्तानच्या कुहिस्तोनी बदख्शोन या स्वायत्त प्रांतात येतो. देशाचे जवळजवळ निम्मे क्षेत्रफळ या प्रांताने व्यापले आहे. लोकसंख्या मात्र देशाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. या प्रांतातून जाणारा रस्ता गेल्या पाव शतकात जगभरच्या सायकल-प्रवाशांत तीर्थक्षेत्रासारखा प्रसिद्ध झाला आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत युरोपातील तरुण (आणि तितकेसे तरुण नसलेलेही) पुढेमागे पिशव्या लटकावलेल्या सायकली रेटीत साडेचार हजार मीटरांहून उंच खिंडी ओलांडताना दिसतात. त्यांनी लिहिलेली प्रवासवर्णने पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत 'जगाचे छप्पर' हा शब्दप्रयोग पहिल्याच पानावर भेटतो. ही सडक कोणी, कशासाठी आणि कोणाविरुद्ध बांधली, याचा पत्ता मात्र त्यांत क्वचितच लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

सायकल आणि मध्य आशिया यांची गाठ जुनी आहे. १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सला अफगाणिस्तानातून पुढे जाऊ दिले नाही. त्याला मागे परतवण्यात आले, आणि समुद्रमार्गाने हिंदुस्थानात येऊन त्याने लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडवर सायकल चालवली. पुढे ॲलन आणि साख्टलेबेन हे दोन अमेरिकन पदवीधर समरकंद-ताश्कंदच्या बाजूने चीनमध्ये शिरले व पेकिंगला पोहोचले. त्यांचे पुस्तक १८९४ मध्ये निघाले. आपल्या मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ मध्ये सायकलींवरून निघाले ते जग पालथे घालून १९२८ मध्ये घरी आले. त्यांच्या ग्रंथाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. परंतु यांपैकी एकानेही पामीरवर चाक टेकवले नाही. उंची हे त्याचे कारण नव्हे. या पठारावर परवान्यावाचून पाऊल टाकणे शंभर वर्षे अशक्यप्राय होते, हे खरे कारण. आणि त्या परवान्याची कथा आपल्या इंदूरकर वाचकांना ओळखीच्या एका नावापासून सुरू होते.

फ्रान्सिस यंगहजबंड हा गृहस्थ १९०२ च्या सुमारास इंदूरच्या रेसिडेन्सीत होळकर दरबाराचा रेसिडेंट म्हणून बसला होता, आणि तेथूनच १९०३ मध्ये लॉर्ड कर्झनने त्याला तिबेटच्या मोहिमेवर पाठवले. ल्हासाच्या स्वारीमुळे तो इतिहासात गाजला. पण त्याआधी, १८९१ च्या ऑगस्टमध्ये, पामीरातील बोझाई गुंबझ येथे त्याच्यावर एक मानहानीचा प्रसंग आला होता. कर्नल योनोव हा रशियन अधिकारी कोसॅक स्वारांसह तेथे आला. दोघांनी प्रथम एकत्र भोजन केले, एकमेकांच्या राज्यकर्त्यांच्या नावे पेले उंचावले, आणि पुढे काही दिवसांनी योनोवने परत येऊन सांगितले की, ही भूमी झारची आहे, आपण चालते व्हावे. अठ्ठावीस वर्षांच्या इंग्रज कप्तानाला निमूटपणे निघावे लागले. लंडनमध्ये गहजब झाला, पीटर्सबर्गने दिलगिरी व्यक्त केली, आणि पुढच्याच वर्षी त्याच योनोवने याशिलकुल सरोवराजवळ सोमाताश येथे अफगाण चौकीतील शिपाई कापून काढले. दिलगिरीची किंमत काय होती ते यावरून दिसते. १८९३ मध्ये रशियनांनी मुर्गाबच्या काठी 'पामीरस्की पोस्ट' हे कायमचे ठाणे उभारले. आज सायकलस्वार जेथे मुक्काम करून पीठ, साखर आणि बिस्किटे भरून घेतात ते मुर्गाब गाव म्हणजेच हे ठाणे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० मीटरांवर, लोखंडी मालपेट्यांत थाटलेल्या दुकानांचा बाजार असलेले हे गाव पाहून पुष्कळ प्रवाशांचा हिरमोड होतो. लष्करी छावणी म्हणून जन्मलेल्या गावाकडून सौंदर्याची अपेक्षा करावी तरी का?

११ मार्च १८९५ रोजी इंग्लंड व रशिया यांच्यात करार झाला आणि त्याच उन्हाळ्यात उभयपक्षी सीमा आयोग झोरकुलच्या काठी जमला. ब्रिटिश बाजूचा प्रमुख जनरल माँटेग्यू जेरार्ड हा सेंट्रल इंडिया हॉर्सचा माणूस. गुणा आणि आगर येथे छावण्या असलेले हे घोडदळ ग्वाल्हेर-माळव्याच्या जुन्या मंडळींना ऐकून तरी ठाऊक असेल. या आयोगाने झोरकुलपासून चीनच्या हद्दीपर्यंत खांब रोवले. त्याच्या पश्चिमेला पंज नदी आणि तिचा पामीर नावाचा फाटा हीच सीमा ठरली होती. दोन साम्राज्यांची अंगे एकमेकांना लागू नयेत म्हणून वाखानची एक अरुंद पट्टी अफगाणिस्तानच्या अमिराच्या गळ्यात घालण्यात आली. ती त्याला फारशी नको होती, हेही नमूद केले पाहिजे. नदीच्या दोन्ही तीरांवर एकच भाषा बोलणारी, एकच धर्म पाळणारी, आपसांत सोयरिक करणारी माणसे राहत होती. त्यांना कोणी विचारले नाही. नकाशावरची रेघ स्वयंपाकघरातून कशी जाते हे बेळगावकर वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तेथील रेघ भाषिक राज्यांमधली आहे, पंजवरची मात्र पुढे बंदुका रोखलेली झाली, एवढा फरक.

सडक आली ती सोव्हिएत काळात. ओश ते खोरोग हा सुमारे ७३० किलोमीटरांचा टप्पा १९३१ ते १९३४ या वर्षांत बांधला गेला, आणि खोरोग ते दुशान्बे हा भाग दशकाच्या अखेरीस, १९४० मध्ये पुरा झाला. एम-४१ हा क्रमांक मिळालेली हीच ती पामीर सडक. ओश सोडल्यावर ताल्दिक खिंडीतून (३६१५ मीटर) ती अलाय दरीत उतरते, सारी-ताशवरून दक्षिणेला वळते, आणि समोर ७१३४ मीटरांचे लेनिन शिखर ठेवून किझिल-आर्त खिंडीने ताजिकिस्तानात शिरते. पुढे सुमारे ३९०० मीटरांवरचे काराकुल सरोवर, आणि मग आक-बैताल. ही ४६५५ मीटरांची खिंड सडकेचा माथा होय. कित्येक कोस तिच्या शेजारून काटेरी तारांचे जुने कुंपण धावते. हे सोव्हिएत रक्षकांनी चीनच्या बाजूने उभारलेले. तारा जागोजागी तुटल्या आहेत. खांबांचे लाकूड, या वृक्षहीन प्रदेशात जळण म्हणून, लोकांनी केव्हाच नेले आहे.

रस्त्याचा हेतू लष्करी होता, पण परिणाम निराळाच झाला. या पठारावर जव आणि बटाट्यापलीकडे काही होत नाही, आणि मुर्गाबच्या बाजूला तर तेही नाही. सोव्हिएत सरकारने ओशवरून धान्य, कोळसा, पेट्रोल, औषधे आणि शाळेची पुस्तके आणून हा प्रांत पोसला. सीमेवरची प्रजा संतुष्ट असावी असा त्यात हिशेब होता हे खरे; पण पोट भरत होते आणि मुली शिकत होत्या हेही खरे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, १९९२ मध्ये ताजिकिस्तानात यादवी पेटली, आणि दुशान्बेकडचा रस्ता बंद पडला. कोळसा येईना तेव्हा लोकांनी पठारावरची तेरेस्केन नावाची खुरटी झुडपे मुळासकट उपटून चुलीत घातली. ती पुन्हा वाढायला अनेक दशके लागतात. उपासमारीच्या त्या वर्षांत ओशच्याच बाजूने आगाखान प्रतिष्ठानच्या मालमोटारी धान्य घेऊन आल्या. २७ जून १९९७ रोजी मॉस्कोत तह झाला तोवर हा प्रांत त्या एका सडकेच्या धाग्यावर तरला होता. आज तिच्या खड्ड्यांविषयी प्रवासी तक्रार करतात ती वाचताना हे आठवावे.

आगाखान येथे कसे आले, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आणि त्याचे उत्तर आपल्याला पुन्हा मुंबईला घेऊन येते. खोरोग व वाखानच्या परिसरातील पामिरी लोक इस्माइली पंथाचे. अकराव्या शतकातील फार्सी कवी व तत्त्वज्ञ नासिर खुस्रौ याने हा पंथ बदख्शानात रुजवला असे ते मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचे इमाम पहिले आगाखान इराण सोडून मुंबईत स्थायिक झाले, आणि मग पामीरचे भाविक आपला धर्मदाय भाग घेऊन हिंदुकुश ओलांडून, चित्रळच्या वाटेने, मुंबईपर्यंत येऊ लागले. घोड्यावर आणि पायी केलेला हा प्रवास महिन्यांचा असे. उलट दिशेनेही माणसे गेली : १९२३ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी पीर सब्झअली यांना मुंबईहून मध्य आशियात पाठवले होते. त्याच आगाखानांचा पुण्यातील राजवाडा आपण कस्तुरबा आणि महादेवभाई यांच्या समाधींमुळे ओळखतो. सोव्हिएत सत्ता पक्की झाल्यावर ही ये-जा तुटली ती १९९५ पर्यंत; त्या वर्षी चौथे आगाखान प्रथमच पामिरात आले आणि त्यांच्या दर्शनासाठी दऱ्याखोऱ्यांतून लोक लोटले. पुढे त्यांच्या संस्थेने पंजवर पूल बांधले. पहिला २००२ मध्ये खोरोगजवळ तेम येथे, नंतरचे दरवाझ, इश्काशिम आणि वांज येथे. शंभर वर्षांपूर्वी ओढलेल्या रेघेला पडलेली ही पहिली छिद्रे.

सायकलस्वाराने खोरोगहून मुख्य सडक धरून गुंट नदीच्या खोऱ्याने, कोइतेझेक खिंडीतून (सुमारे ४२७० मीटर) आलिचुरला जावे की दक्षिणेला वळून वाखानचा फेरा घ्यावा, यावर जाणत्या प्रवाशांत वाद आहे. आमचे मत विचाराल तर वाखानच्या बाजूने. मुख्य सडक ९० वर्षांची आहे, वाखानची वाट ह्युएनत्संगाच्याही आधीची. खोरोगहून इश्काशिम साधारण १०० किलोमीटर, तेथून लंगर पुन्हा जवळजवळ तेवढेच, आणि मग चढ सुरू होतो. या वाटेवर प्रथम कुह-इ-लाल लागते, म्हणजे लाल रत्नांचा डोंगर. मार्को पोलोने बदख्शानच्या ज्या लालांचा उल्लेख केला आणि मोगल बादशहांनी ज्यांवर आपली नावे कोरून घेतली, ती येथील. शास्त्रदृष्ट्या ते माणिक नव्हेत, स्पिनेल नावाचा निराळा खडा आहे. पण रत्नपारख्यांनाही हे उशिरा कळले. पुढे यामचुनचा किल्ला, मग व्रांग गावावरचा बौद्ध स्तूप, मग लंगर येथील कातळावर कोरलेली हजारो चित्रे, त्यांत शिंगे उगारलेले रानबोकड अगणित. मुसलमानी काळातल्या दर्ग्यांवरही बोकडांची शिंगे वाहिलेली दिसतात. धर्म बदलले, शिंगे राहिली.

लंगरनंतर वस्ती संपते. खारगुश खिंड ४३४४ मीटर उंच आहे आणि तिथवरचा रस्ता वाळू, गोटे आणि पन्हळी पत्र्यासारखी उमटलेली आडवी वळी यांचा बनलेला आहे; सायकल चालवण्यापेक्षा ढकलावी अधिक लागते. नदीपलीकडे, दगड फेकला तर पोहोचेल इतक्या अंतरावर, अफगाणिस्तान चालू असते : कड्याला चिकटलेली पायवाट, तिच्यावर गाढव, गाढवामागे मूल. प्रवासी हात हलवतो, मूलही हलवते. कित्येकांच्या रोजनिशीत हा प्रसंग आहे आणि तो खोटा वाटत नाही.

खरी बिकट वाट मात्र बार्तांगची. रुशानहून बार्तांगच्या खोऱ्यात शिरून गुदारा या शेवटच्या गावानंतर वर काराकुलकडे निघणारा हा कच्चा मार्ग पक्क्या सडकेला कंटाळलेल्यांचा. येथे दरडी रस्ता खातात, आणि ओढे ओलांडायचे ते पहाटे. दुपारी हिमनद्या वितळू लागल्या की तेच पाणी कमरेला लागते. या खोऱ्यावर एक टांगती तलवार आहे. १९११ च्या फेब्रुवारीत भूकंपाने अख्खा डोंगर कोसळला, उसोइ गाव माणसांसकट गाडले गेले आणि मुर्गाब नदी अडली. अडलेल्या पाण्यात पुढे सारेझ गाव बुडाले, आणि त्याचेच नाव सरोवराला मिळाले. ५०० मीटरांहून उंच असलेला तो दगडमातीचा बांध जगातील सर्वांत उंच नैसर्गिक धरण मानला जातो, आणि त्यामागे सुमारे ६० किलोमीटर लांबीचे पाणी साठलेले आहे. बार्तांगच्या गावांत म्हणून इशाऱ्याची यंत्रणा बसवलेली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा बांध टिकला. घरे मात्र शेकड्यांनी पडली. त्याच वर्षीच्या जुलैत गुंटच्या खोऱ्यात बार्सेम येथे चिखलाचा लोंढा येऊन मुख्य सडकच पाण्याखाली गेली होती.

भाषेविषयी थोडे. ताजिक ही फार्सीच. फक्त बरेचसे 'आ' तेथे 'ओ' होतात. त्यामुळे मराठी प्रवाशाला पदोपदी ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटते : बोझोर, शहर, रंग, मेहमोन, किताबाची कितोब. 'पंज' म्हणजे पाच, 'हफ्त' म्हणजे सात (आपला हप्ता तोच), आणि 'चोर' म्हणजे चार, तेव्हा दुकानदाराने 'चोर' म्हटले तर रागावू नये. पामिरी घराच्या छपरात चार चौकटींचा एक झरोका असतो, तो 'चोरखोना', म्हणजे आपला चारखाना. आपण दर्या म्हणतो समुद्राला, ते नदीला. आणि खोरोगच्या दक्षिणेला गंधकाच्या उष्ण झऱ्याचे एक स्थान आहे, त्याचे नाव 'गर्म चश्मा'. चश्मा म्हणजे झरा. डोळ्यांवरचा चष्माही त्याच घराण्यातला, चश्म म्हणजे डोळा यापासून आलेला. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो या शब्दांना काढून टाकण्यासाठी. चष्मा काही निघाला नाही.

या लोकांकडे मुक्काम करणाऱ्याला सकाळी शिरचोय मिळतो : दूध, मीठ आणि लोणी घातलेला चहा, त्यात कुस्करलेली रोटी. घरात पाच खांब असतात. त्यांना पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांची नावे आहेत, आणि कोणत्या खांबापाशी कोणी बसावे याचे संकेत आहेत. यादवीनंतरच्या दारिद्र्यात या घरांनी पाहुणे ठेवून जे चार पैसे मिळवले त्यावर पुष्कळांची मुले शिकली. म्हणून सायकलस्वारांची संख्या हा तेथे केवळ हौसेचा विषय उरलेला नाही. २९ जुलै २०१८ रोजी दुशान्बेच्या दक्षिणेला दांगारा जिल्ह्यात, पामीरहून राजधानीकडे निघालेल्या सात परदेशी सायकल-प्रवाशांवर मोटार घालून हल्ला झाला आणि चौघे मारले गेले, तेव्हा शेकडो किलोमीटर दूरच्या मुर्गाबातही घरे रिकामी पडण्याची धास्ती होती. त्यानंतर कोविड. त्यानंतर २०२१ च्या एप्रिलमध्ये आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ताजिक-किरगिझ सीमेवर रक्तपात, आणि उभय देशांमधली वाहतूक बंद. ज्या ओशवरून तीन पिढ्यांचे धान्य आले ती बाजूच मिटली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये, खोरोग व रुशानमध्ये सरकारी दलांची कारवाई झाली, माणसे मेली, प्रांताचे इंटरनेट अनेक महिने तोडलेले होते. बाहेरच्यांना तेथे जाण्यासाठी वेगळा परवाना सोव्हिएत काळापासून लागतो, तो देणेही तेव्हा थांबवण्यात आले होते. योनोवचा हुकूम आणि हा परवाना यांत कागदापुरताच फरक, असे म्हणणे थोडे कडवट होईल. पण ज्यांच्या घरात पाहुणा येतो त्यांना तो कोणी यावा हे ठरवता येत नाही, ही गोष्ट १८९१ प्रमाणे आजही खरी आहे.

१३ मार्च २०२५ रोजी बिश्केक येथे ताजिकिस्तान व किरगिझस्तान यांच्या अध्यक्षांनी सीमेच्या करारावर सह्या केल्या आणि बंद नाकी उघडण्यास सुरुवात झाली. त्याआधी महिनाभर, ४ फेब्रुवारी रोजी, चौथे आगाखान वारले होते. सडकेवर आता सर्वांत मोठी वर्दळ चिनी मालमोटारींची आहे. २००४ मध्ये कुल्मा खिंड खुली झाली तेव्हापासून त्या मुर्गाबजवळ सडकेला मिळतात आणि धुरळा उडवीत दुशान्बेकडे जातात. सायकलस्वार बाजूला उतरून तोंडावर फडके धरतो. इश्काशिमजवळ पंजमधील बेटावर दोन्ही तीरांचा मिळून शनिवारचा बाजार भरत असे. तेथे अफगाण टोप्या, ताजिक सफरचंदे, चिनी विजेऱ्या, आणि काही तासांपुरते एकमेकांना भेटणारे चुलत-मावस नातेवाईक दिसत. कोविडची साथ आणि २०२१ मधील काबूलचे सत्तांतर यांनंतर तो बराच काळ भरला नाही.